लॅपटॉप घेण्याआधी विचार करा!

गेल्या मार्च महिन्यातील रविवार. सकाळची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या अभ्यासिकेचे कुलूप उघडत होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतील एक मावशी लेकीला घेऊन आल्या. मुलीने लॅपटॉपची पिशवी छातीशी धरली होती आणि रडून तिचे डोळे लाल झाले होते. मावशी म्हणाल्या, "भाऊ, कालपासून ही पेटी डोळाच उघडत नाही. काहीतरी करा, नाहीतर पोरीचं वर्ष जाईल."

मुलगी बी. एस्सी. च्या शेवटच्या वर्षाला, विषय संगणकशास्त्र. अकरा दिवसांनी प्रकल्प सादर करावयाचा होता आणि सहा महिन्यांचे सगळे काम त्या बंद पेटीत होते. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. भिशीचा नंबर लागला तेव्हा सत्तावीस हजार रुपये मोजून त्यांनी हा नवा कोरा लॅपटॉप घेतला होता. त्याला चौदा महिने झाले होते. कंपनीची हमी बारा महिन्यांची!

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही मायलेकींबरोबर कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. टोकन घेतले, दोन तास बसलो. काचेपलीकडच्या तरुणाने पेटी उघडून पाहिली आणि सांगितले, "मदरबोर्ड गेलाय. सतरा हजार होतील." आम्ही विचारले, "आतले काम तरी काढून द्याल का?" तो म्हणाला, "काका, या मॉडेलमध्ये साठवणीची चिप बोर्डावरच सोल्डर केलेली असते. बोर्ड बदलला की त्यातलं सगळं गेलं." मुलीने एक शब्द काढला नाही. मावशींनी मात्र विचारले, "मग विकताना हे का नाही सांगितलं?"

त्या कंपनीचे नाव आम्ही येथे देत नाही. एका कंपनीला दोष देऊन हा प्रश्न सुटण्यासारखा नाही. पण मावशींचा प्रश्न मनातून जाईना. त्यातूनच हा लेख लिहावयास घेतला आहे.

शिलाई मशीनचा धडा

आपल्यापैकी अनेकांच्या घरात आईची शिलाई मशीन असते. पट्टा तुटला तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. बॉबिन बिघडली तर बदलता येते. पायाची मशीन पुढे मोटरवर चालवता येते. पंचवीस-तीस वर्षांची मशीनही घराला चार पैसे मिळवून देते. तिचा एकेक भाग वेगळा निघतो, तो बाजारात मिळतो आणि तो बसवणारा कारागीर जवळ असतो. तिच्या दीर्घायुष्याचे कारण एवढेच आहे.

लॅपटॉप घेताना आपण काय विचारतो? रंग कोणता, वजन किती, हप्ता किती, बॅग फुकट मिळेल का? बंद पडला तर कोण उघडील, कोणता भाग बदलता येईल, दोन वर्षांनी कमी पडू लागला तर वाढवता येईल का, हे प्रश्न आपण विचारीत नाही. श्रीमंताच्या घरी एक बिघडला तर दुसरा येतो. आपल्या घरी तो एकच असतो. त्यावर मुलगी अभ्यास करते, मुलगा नोकरीचे अर्ज भरतो, वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीची चौकशीही त्यावरच होते. म्हणून हे प्रश्न आपणच आधी विचारले पाहिजेत.

रविवारची वही

पुढच्या रविवारी आम्ही विहाराच्या फळ्यावर सूचना लिहिली : "ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे त्यांनी तो बिलासह घेऊन यावे." अकरा यंत्रे आली. आमची कारकुनी सवय! वहीत रकाने आखले : कधी घेतला, किती रुपयांना, बिल आहे की नाही, काय बिघडले, कोणी दुरुस्त केले, किती खर्च आला. हा काही सर्वेक्षणाचा अहवाल नव्हे. एका वस्तीच्या अनुभवाची ती वही आहे. पण तिने आमचे डोळे उघडले.

अकरांपैकी चौघांजवळच पक्के बिल होते. बाकीच्यांकडे दुकानदाराने हाताने लिहिलेली चिठ्ठी, नाहीतर तीही नाही. आणखी एक गोष्ट दिसली. त्या अकरांत सर्वात जुनी, काळीकुट्ट, जाडजूड अशी चार यंत्रे होती. ती चारही चालू होती. चारही जुन्या बाजारातून घेतलेली आणि चारही एकाच नावाची : थिंकपॅड. त्यांतली दोन तर आमच्या अभ्यासिकेचीच. तीन वर्षांपूर्वी जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा खर्च वाचवून मंडळाने ती अठरा-अठरा हजारांना घेतली होती. तेव्हा काही तरुण मंडळी नाराज झाली होती. आज तीच मुले त्या यंत्रांवर बसण्यासाठी रांग लावतात!

थिंकपॅड म्हणजे काय?

हे नाव प्रथम १९९२ साली ऑक्टोबर महिन्यात बाजारात आले. आयबीएम या अमेरिकन कंपनीचे ब्रीदवाक्य एका शब्दाचे होते : 'थिंक', म्हणजे विचार करा. कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांना हा शब्द छापलेल्या छोट्या टिपणवह्या देत असे. त्या वहीवरून या यंत्राला थिंकपॅड हे नाव पडले. काळी चौकोनी पेटी आणि कळफलकाच्या मध्यभागी लाल बोंड ही त्याची ओळख. त्या बोंडाने पडद्यावरचा बाण हलवता येतो. डिसेंबर १९९३ मध्ये हबल दुर्बीण दुरुस्त करण्यासाठी गेलेल्या अमेरिकेच्या अंतराळयानातही थिंकपॅड होता. पुढे २००५ साली आयबीएमने आपला हा सगळा व्यवसाय लेनोवो या चिनी कंपनीला विकला. तेव्हापासून थिंकपॅड लेनोवोचा.

हे यंत्र मुख्यतः मोठ्या कचेऱ्यांसाठी बनते. मोठ्या कंपन्या अशी यंत्रे शेकड्यांनी, बऱ्याचदा भाडेकरारावर घेतात आणि तीन-चार वर्षांनी एकदम काढून टाकतात. व्यापारी तो माल घेतात, पुसूनपासून, बॅटरी-कळफलक पाहून पुन्हा विकतात. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावर, असा माल मिळतो. विक्रोळीहून दादरला गाडी बदलून आम्ही तेथेच गेलो होतो.

कचेरीसाठी बनलेल्या यंत्राचा आपल्याला फायदा काय? कचेरीत यंत्र बंद पडले की काम अडते. त्यामुळे ते लवकर उघडता आणि दुरुस्त करता यावे अशी त्याची रचना असते. प्रत्येक मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट मिळते. कोणता स्क्रू आधी काढावयाचा, कोणती तार कोठे आहे, हे सारे त्यात चित्रांसह असते. बदलता येणाऱ्या भागांना क्रमांक दिलेले असतात. तो क्रमांक सांगितला की दुकानदार नेमका तोच भाग काढून देतो. म्हणजे येथेही शिलाई मशीनचाच न्याय आहे.

वाढवता येतो का?

आमची अभ्यासिकेची यंत्रे २०१८ सालच्या टी४८० या मॉडेलची आहेत. त्यात रॅमसाठी दोन खाचा आहेत. आम्ही घेतली तेव्हा प्रत्येकी आठ जीबी होती. मुले मोठे प्रोग्रॅम चालवू लागली तेव्हा यंत्र अडखळू लागले. आम्ही रिकाम्या खाचेत आणखी आठ जीबी बसवली. नवा लॅपटॉप घ्यावा लागला नाही. साठवणीची एसएसडीही वेगळी निघते. यंत्र पूर्ण मेले तरी ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते आणि आतले काम वाचवता येते. मावशींच्या लेकीच्या पेटीत नेमके हेच नव्हते.

टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात. एक आत आणि दुसरी मागून खटक्याने निघणारी. बाहेरची थकली तर यंत्र बंद न करता बदलता येते. एका अंगणवाडी सेविका ताईंनी असेच यंत्र जुने घेतले होते. पाऊण तासात बॅटरी उतरे. त्यांना वाटले, फसलो. आम्ही बाहेरची बॅटरी नवी घालून दिली आणि ताई आता मीटिंगला चार्जर न घेता जातात.

परंतु वाचकहो, थिंकपॅड नाव दिसले की सगळे वाढवता येते असे समजू नका. २०१९ च्या टी४९० मध्ये बाहेरची बॅटरी गेली आणि रॅमचा एक भाग बोर्डावर सोल्डर झाला. एकच खाच उरली. एक्स१ कार्बन हे पातळ, देखणे मॉडेल २०१२ साली आले. त्यात रॅम पूर्णपणे बोर्डावरच असते. आमच्या वहीतील एका तरुणाने जुना एक्स१ कार्बन आठ जीबीचा घेतला. दुकानदाराने सांगितले होते, "पुढे वाढवता येईल." ते खोटे होते. यंत्र चांगले चालते, पण जेवढे घेतले तेवढेच राहणार. पातळपणाची किंमत अशी मोजावी लागते.

पुढे कंपनीलाही हा कल थोडा मागे वळवावा लागला. २०२४ च्या टी१४ च्या पाचव्या आवृत्तीत रॅमच्या दोन्ही खाचा परत आल्या, बॅटरी मालकालाच बदलता येईल अशी झाली. वस्तू किती दुरुस्त करता येते हे तपासणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने त्याला दहापैकी नऊ गुण दिले. ग्राहक बोलत राहिले तर कंपन्यांना ऐकावे लागते, याचे हे पहिलेच उदाहरण नव्हे. २०१३ मध्ये आलेल्या टी४४० वरून लाल बोंडाची वेगळी बटणे काढून टाकली होती. जगभरचे मालक तक्रार करू लागले. २०१५ च्या टी४५० मध्ये ती बटणे परत आली.

आंधळी भक्ती नको

हे वाचून कोणी म्हणेल, तुम्ही त्या कंपनीची जाहिरात करता! तसे नाही. केसपुत्त गावी तथागतांनी कालामांना काय सांगितले ते आपल्याला ठाऊक आहे. कोणी सांगितले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका. स्वतः तपासून पाहा. हा उपदेश बाजारातही लागू पडतो. मोठ्या नावाचेही दोष मोजले पाहिजेत.

२०१४ पासून काही महिने लेनोवोने आपल्या घरगुती लॅपटॉपमध्ये 'सुपरफिश' नावाचा जाहिरातीचा प्रोग्रॅम भरून विकला. त्याने यंत्राची सुरक्षितताच धोक्यात आणली. २०१५ मध्ये ते उघडकीस आले आणि २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत सरकारशी व ३२ राज्यांशी तडजोड करून ३५ लाख डॉलर भरले. थिंकपॅडमध्ये तो प्रोग्रॅम नव्हता. पण कंपनी तीच. २०१८ च्या फेब्रुवारीत तिने एक्स१ कार्बनची पाचव्या आवृत्तीची काही यंत्रे तपासणीसाठी परत बोलावली. आत एखादा स्क्रू सैल राहून बॅटरीला इजा होण्याची आणि यंत्र तापण्याची भीती होती. एक सैल स्क्रू, पण आग लागू शकली असती!

तिसरी गोष्ट जुने यंत्र घेणाऱ्याच्या अधिक कामाची आहे. २०१७ ते २०१९ च्या काही थिंकपॅडमध्ये ज्या लांबट गोल तोंडातून चार्जिंग होते, त्या यूएसबी-सी जोडणीच्या नियंत्रक प्रोग्रॅममध्ये दोष होता. काळाने ती जोडणी काम करीनाशी होते. कंपनीने सुधारित प्रोग्रॅम फुकट दिला आहे. पण तो वेळेवर भरला नाही तर बोर्ड बदलण्याची पाळी येऊ शकते. टी४८० ही त्यात येतो. आम्ही आमची दोन्ही यंत्रे आणल्या दिवशीच कंपनीच्या संकेतस्थळावरून हा सुधारित प्रोग्रॅम भरून घेतला.

त्याच कंपनीची स्वस्त घरगुती मॉडेलेही वेगळ्या नावांनी मिळतात. कचेरीच्या यंत्रासारखी रचना त्यांत असेलच असे नाही. कंपनीच्या पाटीवर न जाता मॉडेलची तपासणी करा.

जुना लॅपटॉप घेताना

दुकानात उभे राहून पाहावयाच्या गोष्टी आम्ही अनुभवाने ठरविल्या आहेत. कात्रण कापून ठेवावे.

१) यंत्र सुरू करताना बायोसमध्ये जाऊन पाहा. तेथे सुपरवायझर पासवर्ड लावलेला असेल तर यंत्र घेऊ नका. जुन्या कचेरीने लावलेला हा पासवर्ड विसरला गेला तर बोर्ड बदलावा लागतो, असे कंपनीची पुस्तिकाच सांगते.

२) यंत्राच्या पोटावर अनुक्रमांक असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की यंत्र कधीचे आणि हमी उरली आहे का, हे कळते. बायोसमध्ये दिसणारा क्रमांक आणि पोटावरचा क्रमांक एकच आहे ना, तेही पाहा.

३) प्रोसेसरची पिढी पाहा. आय५-८३५०यू असे लिहिले असेल तर पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. १४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या घरात कोणाला सांगावी लागत नाही. २०२५ साली त्याच तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत मदत थांबविली. विंडोज ११ साठी कंपनीच्या नियमाप्रमाणे इंटेलची साधारणतः आठवी किंवा पुढची पिढी लागते. दुकानदार सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र "विंडोज ११ टाकून देतो" म्हणत गळ्यात मारतील. अशा यंत्रावर उबुंटू किंवा मिंट ही लिनक्सची फुकट प्रणाली चांगली चालते, मराठीही टंकता येते. पण मग भाव त्याप्रमाणे कमी करून घ्या.

४) रॅम किती खाचांत आहे आणि किती बोर्डावर, हे दुकानदाराच्या तोंडून न घेता मॉडेलच्या माहितीपत्रात पाहा. २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरीचे भाव चढले. म्हणून घेतानाच पुरेशी रॅम असलेले यंत्र मिळाले तर बरे.

५) कळफलकाची प्रत्येक कळ दाबा, पडद्याची बिजागरी चार वेळा उघडझाप करा, सर्व जोडण्यांत काहीतरी लावून पाहा. अर्धा तास लागला तरी लाजू नका. पैसे आपल्या घामाचे आहेत.

६) घरी उघडावयाचे असेल तर आधी बायोसमधून आतली बॅटरी बंद करा, चार्जर काढा, मगच स्क्रूला हात लावा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू नका, दाबू नका, जाणकाराकडे न्या.

बिल : गरिबाचे शस्त्र

आता मावशींच्या तक्रारीकडे वळू. आम्ही कारकुनीत अर्धे आयुष्य घालविले. कागदावर जे नाही ते कोणी मानीत नाही, हे आम्हाला पक्के ठाऊक. "मावशी, बिल?" त्यांनी पर्समधून चौघडी केलेली चिठ्ठी काढली. दुकानाचा शिक्का नाही, जीएसटी क्रमांक नाही, यंत्राचा अनुक्रमांक नाही. दुकानदार म्हणाला होता, "पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर लागतील."

वाचकहो, हे वाक्य ऐकले की सावध व्हा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आहे. वस्तू विकून बिल न देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दोष असलेली वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे, हीसुद्धा तशीच प्रथा ठरते.

महिला मंडळाच्या दोघी ताई मावशींबरोबर त्या दुकानात गेल्या. भांडण केले नाही. लेखी अर्ज दिला, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. तीन दिवसांनी पक्के बिल मिळाले. त्यानंतर आम्ही कंपनीला लेखी तक्रार पाठविली. त्यात तारीख, अनुक्रमांक, सेवा केंद्राने दिलेला खर्चाचा अंदाज, सारे जोडले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली. तेथे मराठीतही बोलता येते. तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवला.

हमीची मुदत संपलेली होती, त्यामुळे फुकट दुरुस्ती मिळण्याची आशा आम्हाला फारशी नव्हती. तीन आठवड्यांनी कंपनीचा फोन आला : बोर्ड निम्म्या दरात बदलून देऊ. मावशींनी हिशेब केला आणि होकार दिला. साडेआठ हजार वाचले.

येथेच समाधान झाले नसते तर पुढचा मार्गही होता. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तूची मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी आपण जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र ती केली पाहिजे. ती 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरूनही करता येते. आपल्यातले किती लोक हा मार्ग चालतात? दुकानदार "नाही" म्हणाला की आपण नशिबाला बोल लावून घरी येतो. बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागावयास शिकविले. तो हक्क काउंटरवरही सोडता कामा नये.

यंत्र दुरुस्तीला देताना आणखी एक काळजी घ्या. आतले फोटो, कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. पोचपावतीवर अनुक्रमांक, आत किती रॅम व कोणती एसएसडी आहे, हे लिहून घ्या. परत आल्यावर ताडून पाहा.

अकरा रात्री

आता त्या मुलीचे काय झाले? तक्रार लागण्याची वाट पाहावयास तिला वेळ नव्हता. तिच्या एका मैत्रिणीच्या पेनड्राइव्हमध्ये दोन महिन्यांपूर्वीची जुनी प्रत सापडली. तेवढाच आधार! मंडळाने अभ्यासिकेची वेळ तिच्यासाठी रात्री बारापर्यंत वाढविली. कोणी ना कोणी सोबतीला बसे, कधी मावशी स्वतः. दिवसभर चार घरची भांडी घासून आलेली ती माउली भिंतीला टेकून पेंगत असे आणि पोर टी४८० वर पुन्हा पहिल्यापासून लिहीत असे. रोज रात्री जाताना ती दोन प्रती काढी. एक पेनड्राइव्हवर आणि एक आपल्या मेलवर. ही सवय तिला कोणी सांगावी लागली नाही.

प्रकल्प वेळेत गेला. गेलेल्या कामातले सगळे काही तिला परत लिहिता आले नाही. एक भाग अपुराच राहिला आणि त्याचे गुण कापले गेले. लॅपटॉप दुरुस्त होऊन आला तेव्हा निकाल लागायचा होता. मावशी म्हणाल्या, "भाऊ, निम्मे पैसे वाचले. पण पोरीची सहा महिन्यांची मेहनत मला कोणी परत दिली नाही." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

ती मुलगी आता दर रविवारी अभ्यासिकेत येते. परवा तिने आम्हाला विचारले, "काका, टी४८० चं झाकण मी उघडू का?" आम्ही स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. पुस्तिका उघडून, आतली बॅटरी बंद करून, तिने एकेक स्क्रू सैल केला. झाकण उघडले, पंख्यावरची धूळ ब्रशने काढली, पुन्हा बसविले. यंत्र सुरू झाले तेव्हा भोवतीची लहान मुले टाळ्या वाजवू लागली. त्यांच्या आजोबांच्या पिढीला गिरणीत यंत्राची साफसफाई करता येत होती. या मुलांना आता यंत्राच्या पोटात काय आहे ते कळू लागले आहे.

आणखी एक विचार मनात येतो. टाकलेली यंत्रे जातात कोठे? भंगारात. आणि भंगार वेचणारे, तारा जाळून तांबे काढणारे हात बहुतेक वेळा आपल्याच गोरगरीब वस्त्यांतले असतात. एक यंत्र चार वर्षे अधिक चालले तर तेवढा विषारी धूर कमी. २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे कंपन्यांवर जुन्या मालाची जबाबदारी आहे. म्हणून मेलेले यंत्र आणि विशेषतः बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. नोंदणीकृत केंद्राकडेच द्या.

आमची विनंती

प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळात तीन वस्तू असाव्यात : एक स्क्रूड्रायव्हरचा संच, एक जुना पण उघडता येणारा लॅपटॉप आणि एक वही. वहीत वस्तीतील प्रत्येक यंत्राचा अनुभव लिहा : काय घेतले, किती चालले, कोणी फसविले, कोणी मदत केली. पुढचा माणूस दुकानात जाण्यापूर्वी ती वही वाचून जाईल. शिका आणि संघटित व्हा, हे आपण जयंतीला भाषणात म्हणतो. ही वही म्हणजे त्याचीच एक लहानशी सुरुवात आहे.

आमच्या वहीत आता बिलांच्या प्रतीही चिकटवलेल्या आहेत. पहिल्या पानावर मावशींचे बिल आहे. दुकानाचा शिक्का, जीएसटी क्रमांक आणि यंत्राचा अनुक्रमांक, तिन्ही त्यावर आहेत.

जयभीम!